चवीपुरता केक

"केक निळ्या दाराच्या दुकानातूनच घ्यायचा," विहीणबाई म्हणाल्या, आणि तराजूकाकांनी तोंडापर्यंत नेलेला कप परत बशीत ठेवला.

तोवर बैठक मजेत चालली होती. काकांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, तारीख ठरली होती. सभागृह मिळालं नाही म्हणून भर उन्हाळ्यात, दुपारी चार वाजता, मोकळ्या हिरवळीवर लग्न लावायचा वेडेपणाही एकमताने ठरला होता. राहता राहिला होता केक. विहीणबाई मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, कारण तशी वेळ त्यांच्यावर कुणी आणलीच नव्हती.

"ते दुकान?" काका म्हणाले. "तिथे जरा जपूनच हं."

"का हो काका?" जावयाने विचारलं. जावई दातांचा डॉक्टर, स्वभावाने गाय. कुणी काही बोललं की ते खरंच असणार असं धरून चालणारा.

"काटा. त्यांचा काटा बरोबर नाही."

तराजूकाकांनी चौतीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात काढली होती. ते बाजारात शिरले की दुकानदार आधी पारड्याखाली चिकटवलेली चिंच काढायचे आणि मग नमस्कार करायचे. कुणाचा फुकट चहा त्यांनी आयुष्यात घेतला नव्हता. एकाने पाण्याचा पेला पुढे केला तर "हे सगळ्यांना देता की मलाच?" असं विचारून त्याला घाम फोडला होता. निवृत्तीच्या दिवशी खात्याने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते पाच मिनिटं पुढे निघालं, तेव्हा काकांनी ते लेखी तक्रारीसह परत पाठवलं. असा माणूस काट्याबद्दल बोलला की त्यावर अपील नसतं.

त्यांच्या बायकोने मात्र चष्म्यावरून पाहिलं. "अहो, तुम्ही कधी गेला होतात तिथे?"

"बाहेरून दिसतं."

"आत ठेवलेला काटा?"

"अनुभवी डोळ्याला दिसतो."

"केक आपण किलोवर घेणार नाही," विहीणबाई म्हणाल्या. "चवीवर घेणार. माझ्या भाच्याच्या लग्नात त्या बाईंचा केक होता, अजून लोक नाव काढतात. रविवारी अकरा वाजता. वडील हवेतच, बरं का."

बायकोने गुडघ्यांचं कारण सांगून अंग काढून घेतलं, आणि वर लेकीला बजावलं, "यांना नखभरच चाखायला दे. साखर वाढली तर निस्तरायचं मलाच आहे."

सगळं पाणी इथेच मुरत होतं. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काकांची साखर बंद केली. बायकोने साखरेचा डबा असा काही लपवला की पुढे तो तिलाही सापडेना. काकांनी वर्षभर सोसलं. मग एका सकाळी फिरायला निघालेल्या काकांना निळ्या दारावर पाटी दिसली: लग्नाच्या केकची चव घेऊन बघा, चव मोफत. आतून भाजलेल्या लोण्याचा वास येत होता. काका फक्त पाटी वाचायला थांबले होते. पाट्या वाचणं हा त्यांचा जुना धंदाच. दार उघडून एक भरदार बाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या ना. लग्न कुणाचं?"

"मुलीचं," काकांच्या तोंडून गेलं.

तसं ते खोटंही नव्हतं. मुलगी होती, लग्नाची होती. एवढ्या आधारावर काकांनी त्या दिवशी सहा प्रकारचे केक खाल्ले.

फुकट म्हणून बाई काहीही पुढे करत नसत. त्यांची एक पद्धत होती. जाड वही उघडून त्या आधी दोनच गोष्टी विचारत: जोडपं कसं आहे, आणि लग्न कुठल्या दिवसांत आहे. "केक म्हणजे काही नुसता गोड पदार्थ नाही," त्या सांगत. "थंडीत माणसाला जड लागतं, उन्हाळ्यात आंबट लागतं. आणि भांडकुदळ जोडप्याला मऊ केक दिला की तो फोटो काढेपर्यंतसुद्धा टिकत नाही." काकांनी थंडीचे दिवस सांगितले आणि नवरा मुलगा तिथल्या तिथे घडवला: उंच, बोटीवर नोकरी, आवाज गोड. स्वतःचा जावई असा फुरसतीने, एकेक तुकडा चघळत तयार करायला मिळाला तर कोण घाई करेल? बाईंनी मन लावून सगळं लिहून घेतलं आणि खजूर-अक्रोडाचा केक सुचवला. वहीत नाव आणि फोन लिहायची वेळ आली तेव्हा मात्र काकांनी दोन्ही खरे लिहिले. छापील रकान्यात खोटं लिहिणं त्यांना जन्मात जमलं नसतं. तोंडी खोटं बोलणं जमतंय, हे त्यांना त्या सकाळी नव्यानेच कळलं होतं.

महिन्याने बाईंचा फोन आला. तारीख नक्की झाली का? काका गडबडले. लग्न होऊन गेलं म्हणावं, तर केक का नाही नेला हे आलं. म्हणून त्यांनी लग्न मोडलं. बाईंना इतकं वाईट वाटलं की काकांना स्वतःलाही थोडं वाटलं. मुलगा दिसायला चांगला होता.

माणसाने एवढ्यावर थांबावं. पण जिभेला हाड नसतं आणि लाज तर त्याहून नसते. वर्षभराने काका पुन्हा त्या गल्लीतून 'सहज' गेले. बाईंनी हाक मारून आत बसवलं, न विचारता एक तुकडा पुढे ठेवला आणि हळूच विचारलं, "मुलगी कशी आहे हो आता?" काकांनी तुकडा संपवला, बोटं पुसली आणि म्हणाले, "एक स्थळ आलंय." मग पुन्हा सहा तुकडे. या वेळी पानगळीचे दिवस आणि नवरा मुलगा शाळामास्तर. बाईंनी एक शनिवारही राखून ठेवला, आणि तोवर काका सकाळच्या फेरीत अधूनमधून तिथे बसू लागले. तोही पुढे मोडावा लागला. काय झालं, असं बाईंनी विचारलंच, तेव्हा काकांनी एक वाक्य टाकलं. ते नंतर कित्येक दिवस त्यांना जेवताना आठवायचं. ते म्हणाले, "मुलगी आमची जरा तापट आहे."

लेक रेडिओवर बातम्या वाचायची. पूर असो, निवडणूक असो, तिचा आवाज कधी केसभर हलला नव्हता.

रविवारी अकराला चौघं निळ्या दाराशी पोचली. काकांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली होती आणि गळ्यात मफलर होता. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं.

"काका, मफलर?" जावई म्हणाला.

"घसा," काका मफलरमधून म्हणाले.

"आ करा बघू."

"नंतर."

आत पंखा फिरत होता. काचेच्या कपाटात केक मांडलेले, मधल्या टेबलावर चार बशा. बाई हसत पुढे आल्या, विहीणबाईंना ओळखलं, भाच्याची चौकशी केली, जोडप्याला शेजारी शेजारी बसवलं. काका दारापाशी भिंतीवरचा परवाना वाचत उभे राहिले. परवाना तीन ओळींचा होता. त्यांनी तो नऊ वेळा वाचला.

"आणि तुम्ही, या ना इकडे," बाई म्हणाल्या. "मुलीचे वडील ना?" मग त्या थांबल्या. वजनमाप खात्यात चौतीस वर्षं घालवलेला माणूस पाठमोराही तसाच उभा राहतो, थोडा एका बाजूला कललेला. "अगं बाई! काका, तुम्ही? म्हणजे ही ती?"

बाईंनी लेकीचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि काकांना तेच सोसवेना.

"किती आठवण काढली गं तुझी! दोनदा ठरून मोडलं, तरी तुझे बाबा खचले नाहीत हो. येऊन बसायचे इथे. तोंडाला घास जात नव्हता, मीच आग्रह करून खायला घालायचे. तिसऱ्यांदा मात्र छान होणार बघ सगळं."

विहीणबाईंनी मान किंचित तिरकी केली. रोग्याचा तक्ता वाचताना करत असाव्यात तशी. जावयाने लेकीकडे पाहिलं. लेकीने काकांकडे पाहिलं. टोपी, मफलर, बंद साखर, रोजची सकाळची दीड तासाची फेरी आणि घरी आल्यावरचा तो तृप्त चेहरा, सगळी बेरीज तिने तिथे उभ्या उभ्या केली. काकांना ती तिच्या तोंडावर होताना दिसली.

"हो," ती म्हणाली. "दोनदा मोडलं." दोन ठार, सात जखमी, असं सांगावं त्याच आवाजात.

"तू कधी बोलली नाहीस," जावई म्हणाला. तक्रार नव्हती. बिचारा खरंच आठवून बघत होता.

"विषय निघाला नाही."

"कारण काही?" विहीणबाईंनी विचारलं.

लेकीने क्षणभर वाट पाहिली. काकांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात बाईंनी पहिली बशी त्यांच्या हातात दिली, चॉकलेटची, आणि उघडलेलं तोंड भलत्याच कामाला लागलं. घाबरला की काकांचा हात आपोआप तोंडाकडे जाई. लेक त्यांच्यासाठी खोटं बोलत होती आणि ते खात होते.

"स्वभाव," लेक शेवटी म्हणाली. "माझा."

"हो, काका म्हणाले होते, जरा तापट आहे म्हणून," बाईंनी प्रेमाने भर घातली. "त्यात काय! तापट माणसं मनाने साफ असतात. बसा. आता सांगा मला, तुम्ही दोघं भांडलात की आधी कोण बोलतं?"

लेकीच्या हनुवटीपाशी काहीतरी हललं. पुरातसुद्धा न हललेलं.

"तीच," जावई म्हणाला. "मी तोपर्यंत दुसऱ्याच्या दाढा काढत असतो." तो हसला, कुणी हसलं नाही, म्हणून त्याने घाईघाईने दुसरा विषय काढला. "बाई, एक विचारू? राग नका मानू. तुमचा काटा एकदा तपासून घ्या. काका म्हणत होते, बरोबर नाही."

बाई वहीत लिहिता लिहिता थांबल्या. "माझा काटा?" त्या उठल्या, आतून काटा उचलून आणला आणि टेबलावर काकांसमोर ठेवला. पितळी पारड्यांचा जुना काटा, घासून लखलखीत. "काका, तुम्ही यातले जाणकार. माझ्या सासूबाईंच्या वेळचा आहे हा. सांगा, कुठे चुकतोय?"

काकांना नुसतं बघूनच कळलं. दोन्ही पारडी निवांत, एका रेषेत. असा खरा काटा त्यांनी चौतीस वर्षांत पाच-सहाच पाहिले असतील. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. तीत एक कणही उरला नव्हता.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "काटा बरोबर आहे. मी खोटं बोललो."

आणि मग एकदा बूच निघाल्यावर सगळं बाहेर आलं. त्यांनी टोपी काढली, मफलर सोडला, आणि हजेरी लागल्यासारखे उभे राहून सांगितलं. कुठलंही लग्न मोडलं नव्हतं. मोडायला ते ठरलंच नव्हतं. बोटीवरचा उंच मुलगा नव्हता, शाळामास्तर नव्हता. केक होता फक्त. पोरीला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं आणि ती तापट नाही. तापट असती तर आत्ता ही बशी त्यांच्या डोक्यात बसली असती.

"शाळामास्तर नव्हताच?" बाईंनी विचारलं. सगळ्यात आधी त्यांना तेच विचारावंसं वाटलं.

"नाही."

"मी त्याच्यासाठी जर्दाळू भिजत घालून बघितले होते," बाई म्हणाल्या. "चार वेळा. तो पोटाने नाजूक म्हणाला होतात ना तुम्ही." त्या खाली बसल्या. "आणि तो शनिवार. पलीकडच्या औषधवाल्यांची मुलगी रडत गेली हो इथून. मी म्हटलं, नाही जमायचं, एका मुलीचं आधीच एकदा मोडलंय, तिचा दिवस मी कुणाला देणार नाही."

पाण्याच्या पेल्यावरून दुकानदाराला घाम फोडणाऱ्या माणसाने एका अनोळखी पोरीचा लग्नाचा केक खाल्ला होता. न बघता, न चाखता. हे कुठल्या मापात मोजायचं, ते त्यांच्या खात्यात कुणी शिकवलं नव्हतं.

"मी जाऊन त्यांची माफी मागतो."

"काय सांगाल? गोड खायचं होतं म्हणून?" बाईंच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "राहू द्या. तिला मुलगा झालाय आता. तिच्या वडिलांकडूनच तुम्ही गोळ्या घेत असाल."

घेत होते. साखरेच्याच.

काकांनी विहीणबाईंकडे वळून हात जोडले. "तुमच्या मनात काही किंतु..."

"मोडलेल्या लग्नांचा मला काही किंतु नव्हता," त्या म्हणाल्या. "माणसांचं काय काय मोडतं, मी रोज बघते. पण ती स्वतःवर ओढून घेत होती आणि तुम्ही तिला बोलू दिलंत. चॉकलेटचा आख्खा तुकडा संपेपर्यंत. ते मात्र माझ्या लक्षात राहील."

मग त्या बाईंकडे वळल्या, त्याच आवाजात. "केकचं बघू या. ऊन वाढतंय."

काका दारापर्यंत गेले होते, तेव्हा बाईंनी हाक मारली.

"कुठे निघालात? या दुकानातले सगळे केक खाल्लेला या खोलीत एकच माणूस आहे. ही तुमची बशी मी उचलतेय, तुम्हाला आज काही मिळायचं नाही. पण सांगा. भर उन्हाळा, दुपारचे चार, उघडी हिरवळ, आणि ही दोघं. कुठला?"

काका परत आले. बसा कुणी म्हटलं नाही, तेही बसले नाहीत. पहिल्यांदाच त्या खोलीत त्यांना खरं जोडपं समोर ठेवून उत्तर द्यायचं होतं. त्यांनी दोघांकडे नीट पाहिलं. जावई लेकीची बशी तिच्याजवळ सरकवत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पण तिची बोटं बशीच्या काठावर होती.

"क्रीमचा नको," काका म्हणाले. "चारच्या उन्हात क्रीम पाव तासात खाली येईल. चॉकलेट घाम धरेल. खजूर-अक्रोड थंडीचा, उन्हाळ्यात घशाशी येतो. लिंबाचा घ्या. मधे जर्दाळूचा पातळ थर, वरून फक्त साखरेचा हलका हात. दोनच मजले, उंच नको, वारा असतो तिथे." ते थांबले. "पहिल्या घासाला आंबट लागतो, डोळे मिटतात. गोड नंतर कळतं. हिचं तसंच आहे. आणि हा धीराचा आहे, नंतरपर्यंत थांबेल."

बाईंनी वहीत लिहायला घेतलं. त्यांनी आधीच लिंबाचा तुकडा कापून बाजूला काढून ठेवला होता, हे काकांना दिसलं. म्हणजे त्यांना विचारायची काही गरज नव्हती. जावयाने तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "दातांना वाईट. पण हाच."

घरी परतताना विहीणबाई आणि जावई वळणावर निरोप घेऊन गेले. जाताना जावई हळूच म्हणाला, "काका, तो बोटीवरचा किती उंच होता?" काकांना ते थट्टा म्हणून घेता आलं नाही. जावयाची उंची बेताची होती.

लेक दोन पावलं पुढे चालत होती. सावलीच्या बाजूने दोघं चालत राहिली. शेवटी काकांनाच राहवेना.

"तू मला वाचवायला गेलीस. मी..."

"वाचवायला नाही, बाबा." ती समोर बघूनच बोलत होती. "मला लाज वाटली. माझे वडील खोटं लग्न सांगून केक खातात, हे त्यांच्यासमोर उच्चारायची. त्यापेक्षा माझी दोन लग्नं मोडलेली परवडली."

तराजूकाका पुढे काही पावलं चालले. डांबर चपलेला चिकटत होतं, प्रत्येक पाऊल सोडवून घ्यावं लागत होतं.

"आईला मी नाही, तुम्ही सांगायचं," लेक म्हणाली. "आणि तुम्ही उद्या सांगतो म्हणालात, तरी मी ऐकणार नाही."

दार बायकोने उघडलं. एका हाताने गुडघा धरलेला, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. लेक तिच्या बाजूने आत निघून गेली. बायकोने तिच्या पाठीकडे पाहिलं, मग उंबऱ्यावर टोपी हातात घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे.

"अहो, हे काय? चेहरे कसले केलेत दोघांनी?" ती हसत म्हणाली. "लग्नबिग्न मोडलं की काय?"

"दोनदा," तराजूकाका म्हणाले. "तू बस आधी. सांगतो."